सर्व्हरची उत्तरपत्रिका : आपल्या काळाचे एक दुर्लक्षित अस्सल साधन

इतिहासाच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्याला बखर आणि अस्सल कागद यांतला भेद पहिल्याच पायरीवर सांगितला जातो. बखर बहुधा पुढे केव्हातरी, ऐकीव माहितीच्या आधाराने, कुणाची तरी थोरवी गाण्यासाठी लिहिलेली. अस्सल कागद त्या त्या दिवशी, कामापुरता, मागून कोण वाचील याची फिकीर न करता लिहिलेला. हा भेद शिवकाळाला आणि पेशवाईला आपण कसोशीने लावतो. संगणकाचा इतिहास मात्र आपण अद्याप बखरींतूनच वाचतो. अमुक संस्थापकाचे गॅरेज, तमुक कंपनीचा उदय, कुणाचा कुणाशी झालेला तंटा. ज्या यंत्रांवर गेल्या तीस वर्षांत बँका, विद्यापीठे आणि प्रयोगशाळा चालल्या, ती यंत्रे रोजच्या व्यवहारात कशी उभी केली गेली, याचे कागद कुठे आहेत, असा प्रश्न फारसा कुणी विचारीत नाही.

या धाग्याच्या आजच्या भागात मी अशाच एका रूक्ष कागदाची बाजू मांडणार आहे. एकाच जातीच्या शेकडो सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप बसवताना यंत्राला जी लिखित उत्तरे दिली जातात, त्यांचा हा कागद. माझे म्हणणे असे की, आपल्या काळाच्या अस्सल साधनांत त्याची गणना व्हावी. आणि तो कागद लिहिण्याची रीतच सध्या मागे पडत चालली आहे, ही चिंता निव्वळ तंत्रज्ञांची नसून इतिहासाच्या अभ्यासकांचीही आहे.

आधी मूळ अडचण पाहू. कोऱ्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना तो प्रश्न विचारतो. भाषा कोणती, घड्याळ कोणत्या प्रदेशाचे, डिस्कचे विभाग किती आणि केवढे, नेटवर्कवरचा पत्ता कोणता, मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड काय, कोणकोणती सॉफ्टवेअर हवीत. एका यंत्रापुरते हे काम किरकोळ आहे. दोनशे यंत्रांपुढे बसलेला माणूस चाळिसाव्या यंत्राशी पोहोचेपर्यंत थकलेला असतो, आणि एखाद्या प्रश्नाला वेगळे उत्तर देऊन बसतो. ते कुठेही नोंदले जात नाही. तीन महिन्यांनी तेच एक यंत्र विचित्र वागू लागते आणि कारण कुणालाच सापडत नाही. पोथ्यांची नक्कल करणाऱ्या लेखनिकांकडून जे घडत असे, तेच हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील पंडितांना महाभारताच्या पोथ्यांतील पाठभेद ताडून पाहण्यात अनेक दशके घालवावी लागली. चिकित्सक आवृत्तीची संहिता १९६६ साली पूर्ण झाली. सर्व्हरचे पाठभेद ताडून पाहायला तितका अवधी कुणालाच मिळत नाही.

पहिली पायरी अर्थात कोऱ्या यंत्राला बोलते करण्याची. ज्याच्या डिस्कवर काहीच नाही, त्याला आपण कोण आहोत हेही ठाऊक नसते. ठाऊक असतो तो केवळ नेटवर्क कार्डावर कोरलेला क्रमांक. तेवढ्या भांडवलावर नेटवर्ककडे आपला पत्ता मागण्याची एक रीत १९८४ साली मुक्रर झाली. १९८५ साली बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी हा प्रोटोकॉल मांडला. पत्त्याबरोबरच 'सुरू होण्यासाठी कोणती फाइल, कुठून आणावी' हेही त्यात यंत्राला सांगता येऊ लागले. (हेच गिलमोर पुढे डिजिटल नागरी हक्कांच्या चळवळीतले एक प्रमुख नाव झाले.) १९९३ साली त्याच पायावर डीएचसीपी उभा राहिला, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलने पीएक्सई नावाने ही सारी साखळी साध्या पीसीच्या नेटवर्क कार्डापर्यंत आणून पोहोचवली. यंत्राला वीज दिली की ते स्वतःच आरोळी ठोकते, कुणीतरी उत्तर देते, आणि इन्स्टॉलर नेटवर्कवरून उतरू लागतो. फाइल उतरवण्याचे हे काम करणारा टीएफटीपी तर इतका भाबडा आहे की, मागणारा कोण आणि देणारा कोण, याची तो चौकशीच करीत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

खरी कहाणी यानंतर सुरू होते. यंत्रे सारखी करणे फारसे कठीण नव्हते. कठीण होते ते त्यांच्यातला आवश्यक तेवढा फरक सांभाळणे. दोनशे सर्व्हर एकाच बनावटीचे असले, तरी त्यांतला एक डेटाबेस सांभाळतो, दहा वेबपाने देतात, उरलेले आकडेमोड करतात; काहींत डिस्क दोन, काहींत चार. म्हणजे नव्वद टक्के उत्तरे सर्वांची एकच, आणि दहा टक्के ज्याची त्याची. ही दहा टक्के उत्तरे ठेवायची कुठे? या क्षेत्राचा सारा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाला मिळालेली निरनिराळी उत्तरे होत, असे मला वाटते.

सन मायक्रोसिस्टिम्सने सोलारिस या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी १९९० च्या दशकात जम्पस्टार्ट ही व्यवस्था आणली. तिच्या मध्यभागी 'रूल्स' नावाची एक साधी मजकुराची फाइल असे. प्रत्येक ओळीत आधी लक्षण लिहायचे : यंत्राचे नाव अमुक असेल तर, मेमरी एवढ्यापासून एवढ्यापर्यंत असेल तर, प्रोसेसरची जात अमुक असेल तर. त्यापुढे तीन गोष्टींची नावे : सुरुवातीला चालवायची स्क्रिप्ट, बसवायच्या गोष्टींचा तक्ता, आणि शेवटी चालवायची स्क्रिप्ट. यंत्र वरून खाली वाचत जाई आणि जी ओळ पहिल्यांदा लागू पडेल ती स्वीकारी. म्हणून शहाणा व्यवस्थापक विशेष नियम वर लिही आणि 'कोणतेही यंत्र' हा नियम अगदी तळाशी. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. ही फाइल इन्स्टॉलर थेट वाचतच नसे. आधी 'चेक' नावाची स्क्रिप्ट तिची तपासणी करी, आणि ती निर्दोष ठरली तरच 'रूल्स.ओके' नावाची दुसरी फाइल तयार होई. इन्स्टॉलर मानी ती दुसरी. तपासनिसाचा शिक्का उमटल्याखेरीज हुकूम चालू होत नाही, ही दप्तरी शिस्त यंत्रालाही लावलेली होती.

पीसीच्या जगात, लिनक्सवर, गर्दी वाढली ती वेगळ्या कारणाने. १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे प्रोसेसर इथरनेटने जोडून बेओवुल्फ नावाचा समूह उभा केला. महासंगणकाचे काम स्वस्त यंत्रांच्या पलटणीकडून करून घेता येते, हे दिसल्यावर जगभरच्या प्रयोगशाळांत अशा पलटणी उभ्या राहू लागल्या, आणि प्रत्येक शिपायाला गणवेश चढवण्याचा प्रश्न आ वासून पुढे आला. याच दशकाच्या उत्तरार्धात रेड हॅटची किकस्टार्ट ही पद्धत रुळली. इन्स्टॉलर जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरे एका मजकुराच्या फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवायची. नंतर हव्या असलेल्या सॉफ्टवेअरची यादी. आणि अखेरीस बसवणूक आटोपल्यावर चालवायच्या आज्ञा. वाचायला इतकी सोपी की, लिनक्सची जुजबी ओळख असलेल्याला ती अर्ध्या तासात उमगावी. तिची लोकप्रियता सर्वस्वी या सोपेपणावर उभी होती. मात्र फरक कुठे ठेवायचा, याचे धड उत्तर तिच्यापाशी नव्हते. प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी एक फाइल, मग त्या फाइलची नक्कल करून दुसरी, तिसरी, सतरावी. एखादा नियम बदलला की सतरा ठिकाणी बदलायचा, आणि त्यातले एक ठिकाण हमखास राहून जायचे. लेखनिकांचा जुना रोग यंत्रावरून उतरून कागदावर आला, इतकेच.

फरक हुडकण्याची एक सुरेख रीत मात्र याच काळात, पीएक्सईवर चालणाऱ्या पीएक्सईलिनक्समध्ये दिसते. हा छोटा प्रोग्राम आपल्यासाठी लिहिलेली सूचना शोधताना आधी नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाच्या नावाची फाइल मागतो. ती नसेल, तर आपला आयपी पत्ता आठ षोडशमान अंकांत लिहून त्या नावाची. तीही नसेल, तर शेवटचा एक अंक गाळून, मग आणखी एक गाळून, असे करीत अखेर 'डिफॉल्ट' नावाच्या फाइलवर येऊन थांबतो. माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर आपण जसे घरी, मग आळीत, मग गावात आणि मग तालुक्याला विचारीत जातो, तसेच हे. एखाद्या यंत्राला वेगळे वागवायचे असेल तर त्याच्या नावाची एक चिठ्ठी ठेवायची; बाकी सारी गावाच्या नियमाने चालतात.

परंतु माझ्या मते या प्रश्नाचे सर्वांत सखोल उत्तर जर्मनीतून आले. कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी १९९९ साली डेबियनसाठी एफएआय ही व्यवस्था बांधली. तिच्यात यंत्राला एक साचा नसतो, तर अनेक 'वर्ग' असतात. एकच यंत्र एकाच वेळी 'सर्वसाधारण', 'वेबसर्व्हर' आणि 'दोन डिस्कवाले' या तिन्ही वर्गांचे असू शकते. शिवाय त्याचे स्वतःचे नाव हाही एक वर्गच. प्रत्येक वर्ग आपापला वाटा उचलतो आणि अधिक विशिष्ट वर्गाचा शब्द वरचढ ठरतो. जम्पस्टार्ट विचारी, 'तू यांतला कोणता?' एफएआय विचारते, 'तू कोण कोण आहेस?' वर्गांची ही कल्पना १९९३ साली ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी सुरू केलेल्या सीएफएंजिनमध्येही होती, आणि पुढे पपेटसारख्या साधनांनी ती घरोघर नेली. सॅन दिएगोच्या महासंगणन केंद्रातील रॉक्स प्रकल्पाने २००० च्या सुमारास वेगळी वाट काढली : किकस्टार्टच्या फाइली हाताने लिहायच्याच नाहीत. मध्यवर्ती डेटाबेसमध्ये यंत्रांची नोंद ठेवायची आणि यंत्राने मागणी करताच त्याच्यापुरती फाइल तिथल्या तिथे घडवून द्यायची. यंत्राच्या प्रकृतीविषयी शंका आली तर निदान करीत बसू नये, सरळ पुन्हा बसवावे, हे रॉक्सचे धोरण त्या वेळी उधळेपणाचे वाटले असेल. दहा वर्षांनी तेच सर्वमान्य झाले.

या सर्व कागदी पद्धतींना समांतर एक दुसरी परंपराही चालू होती. एक यंत्र नीट सजवायचे, त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची आणि ती बाकी यंत्रांवर ओतायची. १९९० च्या दशकात घोस्ट या साधनाने विंडोजच्या जगात ही रीत घरगुती केली. सनने सोलारिसवर फ्लॅश अर्काइव्ह दिले. कामाला झपाटा विलक्षण. पण प्रत म्हटली की मूळ यंत्राच्या खाजगी खुणाही तिच्यात आल्या. लिनक्समध्ये जुन्या नेटवर्क कार्डाची नोंद प्रतीत राहून जाई, आणि नव्या यंत्राचे पहिले कार्ड स्वतःला दुसरे समजून गप्प बसे. अलीकडच्या लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राला एक स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. तो पुसायचा राहिला, तर दोन जुळी यंत्रे काही वेळा नेटवर्ककडून एकच पत्ता घेऊन एकमेकांच्या उरावर बसतात. आणि दूरस्थ प्रवेशासाठीची गुप्त किल्ली प्रतीत गेली, तर शंभर घरांना एकाच किल्लीचे कुलूप लागते.

प्रत की कृती, या वादाला सैद्धांतिक बैठक दिली ती स्टीव्ह ट्रॉगॉट यांनी. १९९८ साली जोएल हडलस्टन यांच्यासह, आणि २००२ साली लान्स ब्राउन यांच्यासह, त्यांनी लिसा या परिषदेत निबंध मांडले. दुसऱ्या निबंधाचा आशय थोडक्यात असा : दोन यंत्रे एकसारखी वागावीत असे वाटत असेल, तर दोन्हींवर तेच बदल त्याच क्रमाने करणे हाच सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे. आज यंत्र कसे दिसते एवढे पाहून भागत नाही. ते इथवर कोणत्या क्रमाने आले, हे कळले पाहिजे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून ओळखीचे विधान कोणते असेल? सर्व्हरलाही इतिहास असतो आणि तो क्रमाने लिहावा लागतो, हे त्या रूक्ष परिषदेत सिद्ध करावे लागले, याची मला मौज वाटते.

आता वर्तमानाकडे येऊ. २००६ साली अॅमेझॉनने ईसी२ सुरू केले आणि 'इमेज' हा शब्द रोजच्या बोलण्यात आला. यंत्र बसवायचे नाही, तयार प्रत उचलायची. तिच्यातला उरलासुरला फरक क्लाउड-इनिट नावाचे साधन पहिल्या सुरुवातीला भरून काढते. २०१३ साली डॉकर आला आणि तयार गाठोडी उतरवून घेणे हाच शिरस्ता झाला. जम्पस्टार्टची जागा ओरॅकलने सोलारिस ११ मध्ये दुसऱ्या व्यवस्थेला दिली. प्रतीची परंपरा जिंकली, असे म्हणायला हरकत नाही. या विजयाला कारणेही तशीच सबळ आहेत. प्रत तपासून मग वाटता येते. कृतीचे तसे नसते : आज चालवली तर एक फळ, सहा महिन्यांनी दुसरे, कारण मधल्या काळात सॉफ्टवेअरची कोठारे बदललेली असतात. २००२ सालची किकस्टार्ट फाइल आज हाती लागली, तर तिच्यात लिहिलेले कोठार त्या पत्त्यावर बहुधा सापडणार नाही. कृती आहे आणि धान्य नाही, अशी गत. डेबियनने आपल्या जुन्या पॅकेजांचे तारीखवार संग्रहालय २००५ पासूनच्या काळापुरते जपले आहे, म्हणून तिथे ही अडचण काहीशी सुसह्य होते. असे भाग्य सर्वांच्या वाट्याला आलेले नाही.

हे सारे मान्य करूनही मी कृतीच्याच बाजूचा आहे. प्रत आपल्याला यंत्र कसे आहे ते सांगते; ते तसे का आहे, हे ती कधीच सांगत नाही. एखादी सेवा मुद्दाम बंद ठेवली की ती बसवायचीच राहून गेली? डिस्कचा अमुक विभाग एवढा मोठा का? उत्तरपत्रिकेत त्या ओळीशेजारी बहुधा एक टिपण असते, आणि ते नसले तरी ती ओळ कुणीतरी जाणूनबुजून लिहिली, एवढे तरी कळते. तयार प्रतीत हेतू आणि अपघात एकमेकांत विरघळून जातात. हातात गाठोडे आहे, पण ते कुणी, कशातून, कोणत्या क्रमाने बांधले हे ठाऊक नाही, अशा स्थितीत आज असंख्य संस्था आपला कारभार चालवीत आहेत.

आणि ही केवळ दप्तरवाल्याची हळहळ नव्हे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद उशीर का लागतो, याचे कुतूहल वाटले. त्या कुतूहलातून एक्सझेड या लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात दडवलेले चोरदार उघडकीला आले. घातक माल चाचणीच्या फाइली म्हणून उघड्या संहितेतही पडलेला होता. परंतु त्याला जागे करणारी ओळ वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यातच तेवढी होती. कृती आणि तयार वस्तू ताडून पाहणाराला ती दिसली असती. संहिता एक आणि प्रसृत पोथी दुसरी; पाठभेद ताडून पाहण्याची विद्या इथे थेट संरक्षणाची विद्या ठरते. प्रतीचा वापर खुशाल व्हावा. मात्र जिच्याबरोबर तिची कृती येत नाही, ती प्रत कोणत्याही सार्वजनिक संस्थेने स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे कागद जपले जात नाहीत, यामागे एक व्यावहारिक कारण आहे. उत्तरपत्रिकेत पासवर्डही असतो, बहुधा सांकेतिक रूपात, आणि कधीकधी उघडाच. शिवाय ती यंत्राकडे पोहोचते तो मार्गही बऱ्याच ठिकाणी टीएफटीपीइतकाच भाबडा असे. त्यामुळे सावध व्यवस्थापक ती दाखवत नाही, आणि नोकरी सोडताना पुसून जातो. गुपित राखण्याच्या नादात अख्खे दप्तर जाते. पासवर्ड आणि अंतर्गत पत्ते यांच्या ओळी काळ्या करून उरलेला कागद ठेवता येतो. सरकारी अभिलेखागारे संवेदनशील मजकुराबाबत हेच तर करीत आली आहेत.

तुमच्यापैकी जे फेडोरा किंवा रेड हॅटच्या कुळातले लिनक्स वापरतात, त्यांना यासाठी लांब जायला नको. बसवणूक पूर्ण होताच इन्स्टॉलर रूट वापरकर्त्याच्या डिरेक्टरीत 'अनाकोंडा-केएस' नावाने, तुम्ही दिलेल्या साऱ्या उत्तरांची एक किकस्टार्ट फाइल आपण होऊन लिहून ठेवतो. डेबियनवर इन्स्टॉलरच्या नोंदी 'व्हार' खालच्या 'लॉग' विभागात सापडतात. ती फाइल उघडा, पासवर्डची ओळ काढा, वर तारीख आणि यंत्राचे वर्णन लिहा. तुमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दहा-पंधरा वर्षे जुना सर्व्हर भंगारात निघाला असेल, तर संबंधितांची परवानगी घेऊन, त्याची डिस्क पुसली जाण्यापूर्वी एवढा एक कागद तेवढा उतरवून घ्या.